तुझ्या खोकल्याविषयी

रविवार, चौदा तारीख

चिरंजीव राघू यास अनेक आशीर्वाद.

इकडे मी आणि तुझ्या काकू जसे होतो तसे आहोत. तुम्ही तिघं नव्या गावी रुळलात, नळाला पाणी वेळेवर येतं आणि घरमालक बोलायला बरा आहे, एवढं तुझ्या बायकोनं फोनवर काकूंना सांगितलं आणि काकूंनी ते तिखटमीठ लावून मला सांगितलं. तेव्हा क्षेमकुशलाचा भाग उरकला असं समजू आणि मुख्य विषयाकडे वळू.

मुख्य विषय घड्याळ.

तुझ्या बायकोनं निघायच्या आदल्या दिवशी स्वतः स्टुलावर चढून आमच्या भिंतीवर जे घड्याळ ठोकून दिलं, त्याचा मी रीतसर निषेध नोंदवतो. ते घड्याळ नव्हे, परात आहे. आकडे असे की त्यातला सात काढून घेतला तर कोट अडकवायला होईल. सेकंदकाटा पुढे सरकत नाही, पाय आपटत जातो. परवा इस्त्रीवाला कपडे द्यायला आला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बुवा, गाडी कितीची आहे?" पूर्वी माझ्या घरी आलेला माणूस पुस्तकांचं कपाट बघून जरा दबून बोलायचा. आता फलाटावर आल्यासारखा बोलतो.

आणि वाटप तरी कसं केलंत. छापखान्यात यंत्रावर असणाऱ्या मामांना फ्रिज. शेजारच्या मावशींना पडदे आणि कुंड्या. आपल्या मालकांनी तुला कधी धड खुर्ची दिली नाही, त्यांना तू घरची चांगली खुर्ची देऊन आलास. यालाच उदारचरित म्हणतात बहुधा. आणि ज्याच्यासमोर बसून तू इतकी वर्षं घसा कोरडा केलास, त्या मला काय, तर वेळ. माझ्या मनगटावर सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ आहे आणि ते अजून मिनिटाचीही चूक करत नाही, हे तुझ्या बायकोला माहीत नव्हतं असं नाही. तिला सांग, शास्त्रीबुवा रागावलेत. ती हसेल. हसू दे.

अक्षर मोठं आणि ओळी चढत गेलेल्या दिसतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. घरात हे एवढं एकच जाड पेन सापडलं आणि टेबलाचा एक पाय तोकडा आहे.

तुझ्या लेकीचं, आमच्या अवतरणबाईंचं, कसं चाललंय? डोक्यावरच्या त्या दोन शेंड्या अजून अवतरणचिन्हासारख्या उभ्या असतात, की नव्या शाळेनं एक वेणी घालायला लावली? तसं झालं असेल तर मला तिचं नाव बदलावं लागेल, आणि या वयात मला नवी नावं सुचत नाहीत.

आता छापखान्याचं वर्तमान.

तुझ्या जागी मालकांची मेहुणी आली आहे. मालक म्हणाले, "घरचंच माणूस आहे, बुवा, सांभाळून घ्या." कुणी कुणाला, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. बाई तडफदार आहेत. वेलदोडे चघळतात आणि टरफलं तुझ्या जुन्या खणात टाकतात. पहिल्या दिवशी मी त्यांना आपली पद्धत समजावून दिली. एकानं मूळ कागद हातात धरून मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं समोरच्या मुद्रितावर, म्हणजे छापायच्या आधी काढलेल्या प्रतीवर, डोळा ठेवायचा. ऐकलेलं आणि दिसलेलं जुळलं नाही की तिथे खूण. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी बोलायचं आणि तुम्ही चुका काढायच्या. त्यात शिकायचं काय? माझं लग्न झालंय."

वाचतात मात्र घोडदौडीनं. तुझ्यासारखं मध्ये थांबणं नाही, श्वास घेणं नाही, खोकणं नाही.

तर, खोकणं.

तुझ्या बायकोनं काकूंना फोनवर सांगितलं म्हणे की राघूचा खोकला तिकडे गेल्यापासून पार थांबला. काकूंना कोण आनंद. "बघा, मी म्हणत होते ना, छापखान्याच्या शाईचीच बाधा होती. हवा बदलली आणि पोरगं सुटलं." आणि मग उरलेल्या मधाची बाटली माझ्यासमोर नाचवून, "आता हा तुम्ही संपवा." वर्षभर तुझ्या काकूंनी तुला मध आणि आल्याचा रस पाजला. डब्यासोबत बाटली पाठवायच्या. तू ती निमूटपणे रिकामी करून परत द्यायचास, वर "काकू, आज बराच आराम आहे" हेही सांगायचास. आल्याचा तो रस कसा लागतो मला ठाऊक आहे. असा संयम ऋषींनीही दाखवला नसेल.

काकू अजून हवेलाच श्रेय देतायत. मी दुरुस्त करत नाही. दुरुस्ती करणं हा माझा धंदा आहे, पण घरी मी सुट्टीवर असतो.

इथे मी मघाशी पेन खाली ठेवलं होतं. चहा घेतला. काकू शेजारी गेल्या आहेत, मावशींकडे, तुमचे पडदे तिथे कसे दिसतात ते बघायला. वाईट दिसतात, असं त्या येऊन सांगतील. तेव्हा त्या येईपर्यंत, ज्यासाठी कागद काढला ते लिहून टाकतो.

तुम्ही निघालात तो दिवस आठव. घरभर खोकी. माळ्यावरचं सामान खाली काढलेलं आणि त्याच्याबरोबर वर साठलेली सगळी धूळ. मामा शिंकून शिंकून हैराण. "अरे, ही धूळ आहे का तपकीर?" तुझी बायको दवाखान्यात रुग्णांशी जशी बोलत असेल तशीच बोलत होती. "मामा, शिंका नंतर. आधी कपाटाला हात लावा." मालक दारात उभे राहून नाकाला रुमाल लावून सगळ्यांना सूचना देत होते आणि कशालाच हात लावत नव्हते, म्हणजे कामावर असल्यासारखेच. मावशींचा घसा बसला. मला ठसका लागला. आणि तू? तू गाद्या झटकत होतास. केरसुणी घेऊन कोपरे काढत होतास. तोंडाला फडकंही बांधलं नव्हतंस.

एकदाही खोकला नाहीस.

मी खोक्यावर बसून बघत होतो आणि मनात म्हटलं, काकूंना सांगायला हवं, मधाला गुण आला.

तेवढ्यात अवतरणबाई एक खोकं ढकलत माझ्यापुढे आल्या. खोक्यावर तिनं स्वतः रंगीत पेनानं काहीतरी लिहिलं होतं. "आजोबा, यात काय आहे सांगा. ओळखायचं नाही हं, वाचायचं." आजोबा म्हणवून घ्यायचं माझं वय झालेलं नाही, पण तिनं कधी परवानगी विचारली नव्हती. मी खोक्याकडे बघितलं. आजूबाजूला सगळी स्वयंपाकघरातली खोकी होती. मी आपल्या नेहमीच्या भारदस्त आवाजात वाचलं, "भांडी."

आणि कपाटामागून तू खोकलास.

एकच. आखूड. तोच.

"चूक," अवतरण म्हणाली. "खेळणी लिहिलंय. आजोबांना वाचता येत नाही."

सगळे हसले. मालक तर रुमाल काढून हसले. "बुवांची विकेट घेतली पोरीनं." मीही हसलो असेन. तुझी बायको तेवढी हसली नाही. ती खाली बसून खोक्याला चिकटपट्टी लावत होती आणि लावलेल्या पट्टीवरच पुन्हा पट्टी लावत राहिली. तू कपाटामागून बाहेर आलास. माझ्याकडे बघितलंस, असं मी धरून चालतो. मी बघितलं तेव्हा तुझ्या चेहऱ्याच्या जागी पुसल्यासारखं काहीतरी होतं. कान मात्र दिसले. लाल झाले होते.

मला गेलं वर्ष-दीड वर्ष असंच दिसतं, राघू. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होतं. कडेकडेचं राहतं. मालकांचं नाक-तोंड जातं आणि दोन कान उरतात. ती सुधारणाच म्हणायची. पण ओळीतला शब्द जातो आणि मागचा-पुढचा राहतो. मग मधला मी भरून काढतो. पाठांतर दांडगं, शास्त्र्याच्या घरचा मुलगा. बहुतेक वेळा बरोबर भरतो. हे तुला सांगण्यात अर्थ नाही, कारण हे तुला माझ्याआधी समजलं होतं.

मी त्या खोक्यावर बसल्या बसल्या मागे मागे जात राहिलो. वाचता वाचता तुला खोकला यायचा. मी म्हणायचो, "पाणी घे." तू पाणी घ्यायचास आणि म्हणायचास, "बुवा, माझा ओघ तुटला, ती ओळ पुन्हा वाचतो." पुन्हा वाचायचास. हळू, एकेक शब्द सोडवून. आणि मला तिथे चूक सापडायची. दर वेळी. मी तुला वर ऐकवायचो, "बघ, तुझ्या त्या खोकल्यापायी निसटली असती." तू म्हणायचास, "तुमची नजर म्हणजे नजर, बुवा."

तुमची नजर म्हणजे नजर. हे म्हणताना तुझा घसा कसा दाटला नाही?

सकाळी तू माझ्याआधी यायचास. बस लवकरची मिळते म्हणायचास. मुद्रितं 'लावून ठेवायचास'. म्हणजे आधी एकटा बसून सगळं वाचून काढायचास आणि मग मी आलो की माझ्यासमोर पहिल्यांदाच वाचतोय असा वाचायचास, आणि चुकांच्या जागी खोकायचास. मी न्यायशास्त्र थोडंफार शिकलोय. धूर दिसला की अग्नी असतो, हे मला कुणी मध्यरात्री उठवून विचारलं तरी सांगेन. वर्षभर समोर धूर निघत होता आणि मी पाणी घे म्हणत होतो.

त्या दिवशी मी उठलो आणि म्हटलं, "दूध गॅसवर आहे, उतू जाईल." दूध वगैरे काही नव्हतं. काकू तुमच्याच घरात होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं. ट्रक निघाला तेव्हा मी आमच्या खिडकीत होतो. नंतर काकूंनी सांगितलं की अवतरण शेवटपर्यंत वर बघून हात हलवत होती आणि तू दोनदा जिन्याच्या दारापर्यंत येऊन परत फिरलास. मला खाली एक ट्रक आणि त्याच्याभोवती माणसांच्या कडा दिसत होत्या. निरोप घ्यायला मी आलो नाही याचं तुला वाईट वाटलं असेल. तुला ते वाटावं अशीच माझी इच्छा होती. अजूनही आहे.

कारण काय ते नीट ऐक. तुम्ही गेलात याचा मला राग नाही. तुझ्या बायकोला मोठ्या दवाखान्यात जागा मिळाली, तिनं नाही का म्हणावं? तुला घरी बसून काम मिळालं, पोरीला बरी शाळा. माझ्या मुलानं हेच केलं असतं तर मी पेढे वाटले असते. राग याचा आहे की तू माझा जोडीदार होतास, आणि मला न विचारता माझा परिचारक झालास. समोरासमोर बसून एका कागदाची दोन टोकं धरणारी आपण दोन माणसं, असं मी समजत होतो. तू दोन्ही टोकं धरून बसला होतास आणि मला वाटत होतं माझ्या हातात काहीतरी आहे.

बरं, धरलंस. उपकार केलेस. पण मग सोडताना तरी सांगायचं होतंस. एखाद्याच्या हातातली काठी काढून घेताना त्याला सांगावं लागतं की बाबा रे, ही काठी होती, आता जपून चाल. तू मला सांगितलं नाहीस, मालकांना सांगितलं नाहीस, आणि सामान बांधून निघालास. भिंतीवर एक घड्याळ लावलंत. ज्यांना बोलायचा धीर होत नाही ते वस्तू देतात.

तुझ्या बायकोवर अन्याय नको. तिनं एकदा जिन्यात मला थांबवून म्हटलं होतं, "काका, एकदा आमच्या दवाखान्यात येऊन डोळे दाखवून घ्या ना." मी म्हटलं, "डोळे वटारायचं खातं तुझ्या काकूंकडे आहे, त्यांनाच घेऊन जा." ती हसली आणि तिनं विषय सोडला. विषय सुटला म्हणून मला बरं वाटलं, हे लपवत नाही. पण राघू, ती रोज माणसांना नको ती औषधं गिळायला लावते. तिनं इतक्यात सोडायला नको होतं.

काकूंचंही सांगतो. अलीकडे त्या सकाळी पेपर मोठ्यानं वाचतात. "जन्मभर तुमचा आवाज ऐकला, आता थोडा माझा ऐका." मिठाचा डबा हलत नाही, माझी चप्पल त्याच फरशीवर असते, जिन्यातला दिवा कुणाला तरी सांगून त्यांनी मोठा करून घेतलाय. मी विचारत नाही. त्या सांगत नाहीत. आमचं फार चांगलं चाललंय.

आता तू गेल्यानंतरचं.

आपण शाळेचं ते भाषेचं पुस्तक करत होतो ना, तुझ्या जाण्यानं अर्धवट राहिलेलं. ते मी आणि मेहुणीबाईंनी पूर्ण केलं. पुस्तक छापून शाळांत गेलं. मागच्या आठवड्यात एका बाईंचा, शिक्षिकेचा, मालकांना फोन आला. संस्कृत सुभाषितांच्या पानावर एका सुभाषिताची दुसरी ओळच नाही. वरची ओळ आहे, मग रिकामी जागा, मग अर्थ. मालकांनी पान माझ्यासमोर धरलं. मला ते सुभाषित मुंज झाल्यापासून पाठ आहे. मेहुणीबाईंनी मूळ कागदावरून ते पूर्ण वाचलं होतं, दोन्ही ओळी, वेलदोड्यासकट. मी मुद्रितावर डोळा ठेवून होतो. कानावर ओळ पडली, आतून ओळ उमटली, आणि जिथे पांढरा कागद होता तिथे मला ओळ दिसली. दिसली, राघू. काळ्या अक्षरात. दोरीच्या जागी साप बघणाऱ्याला निदान दोरी तरी असते.

मी मालकांपुढे उभा राहिलो. आता विचारतील, आता सांगावंच लागेल. तर मालक हसून म्हणाले, "जाऊ द्या हो, बुवा. सुभाषितच आहे. औषध थोडंच आहे?" आणि पान चुरगाळून टोपलीत टाकलं. मेहुणीबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी वाचली होती हं ती ओळ." मी म्हटलं, "हो, तुम्ही वाचली होती." त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. त्याही तडफदार आहेत, पण तुझ्यासारख्या दयाळू नाहीत. फार दिवस लागणार नाहीत त्यांना.

हे झालं मंगळवारी. गुरुवारी औषधाचं काम आलं.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाबरोबर बाटलीच्या खोक्यात घडी घालून जो पातळ कागद असतो तो. दर वर्षी आपणच करतो. दर वर्षी तूच वाचायचास, त्यामुळे मला तो कागद सुभाषितासारखाच पाठ आहे. वयाप्रमाणे किती द्यायचं, दिवसातून किती वेळा, कधी थांबवायचं. या वर्षी कंपनीनं औषध दुप्पट तीव्र केलंय आणि म्हणून सगळं प्रमाण निम्म्यावर आणलंय. अगदी लहान मुलांना पूर्वी एक चमचा होता, आता अर्धा. मूळ कागदावर कंपनीनं तेवढ्या जागा लाल करून पाठवल्या होत्या. संगणकावर जुळणी करणारा पोरगा दर वेळी मागच्या वर्षीचं उघडतो आणि त्यातच बदल करतो, हे तुला माहीत आहे. आणि तो कुठेतरी एक जागा विसरतो, हेही तुला माहीत आहे. तिथेच तर तू खोकायचास.

मेहुणीबाईंनी वाचलं. "अर्धा चमचा." मी मान डोलावली. पुढे आणखी एका ठिकाणी, "अर्धा चमचा." मी मान डोलावली. त्यांनी कागद संपवला, वेलदोडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "झालं?" मी म्हटलं, "झालं." आणि खाली सही केली. माझी सही अजून सुरेख येते. तिला बघावं लागत नाही.

शास्त्रात प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण आहे आणि ऐकीव नंतरचं. माझ्याकडे आता ऐकीव तेवढं उरलंय. त्या दोन जागी मी 'अर्धा' ऐकला, हे शपथेवर सांगतो. तिथे छापलं काय होतं, ते मला माहीत नाही. अर्धा असेल. जुना एकही असेल. मी बघत होतो आणि मला अर्धा दिसत होता, आणि माझ्या दिसण्याची किंमत किती, ते त्या सुभाषितानं दाखवलंय.

कागद मालकांच्या टेबलावर सही होऊन पडला आहे. मामांच्या यंत्रावर सध्या शाळेची उरलेली पुस्तकं आहेत, त्यामुळे हे काम येत्या आठवड्याच्या शेवटी चढेल. शुक्रवारी संध्याकाळी मी त्या मुद्रिताची एक नक्कल काढली. इथे, या टेबलावर, खिडकीत, दिव्याखाली, सगळीकडे धरून बघितली. तिरकं बघितलं की कडेनं थोडं दिसतं असं समजलंय मला, तेही करून बघितलं. जितका जोर लावून बघतो तितका 'अर्धा' स्पष्ट होत जातो. मला ते आतूनच दिसतंय.

काकूंना वाचायला सांगता आलं असतं. मग त्यांनी मला कधीच न विचारलेलं विचारलं असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. फोन करता आला असता तुला. पण फोन बैठकीत आहे आणि काकू घरात असतात, आणि मी बोललो असतो तर तू बहुधा खोकला असतास.

म्हणून ही नक्कल पत्रासोबत घडी घालून पाठवतोय. उद्या सकाळी टपालात टाकेन. मिळाल्यावर बायकोला शेजारी बसव आणि मोठ्यानं वाच. ती रोज माणसांना औषधं देते, तिला कळेल. मग छापखान्यात फोन कर. घरी नको. आणि या वेळी खोकू नकोस. काय छापलंय ते शब्दांत सांग. मला, आणि मग मालकांना. दोघांनाही सांग, मी कितीही हसवलं तरी.

उद्या सकाळी मालकांकडे जाऊन स्वतःच तो कागद मागं घ्यावा आणि का ते सांगावं, असं मनात आहे. शुक्रवारीही मनात होतं. शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम असतं, म्हणून घरून निघालो, आणि छापखान्याच्या दारापर्यंत जाऊन घरी परत आलो. तुझ्यासारखाच. त्या घड्याळाचे काटे तेवढे मला दिसतात, म्हणून किती वाजले ते कळत होतं. मनगटावरच्या घड्याळाची चूक होत नाही असं वर लिहिलंय, ते खोडत नाही. चूक होत असली तर मला समजणार नाही, एवढंच खरं.

तुला वाटेल बुवांना डोळ्यांची काळजी आहे, किंवा नोकरीची. डोळे जायचे तेवढे जातील. नोकरी मालकांच्या घरचं माणूस घेईल. ती काळजी मला नाही. मला काळजी त्या घरातल्या मुलाची आहे, जे मी कधी बघणार नाही. त्याला ताप असेल, त्याची आई तो कागद उलगडून उजेडात धरेल, तिचे डोळे चांगले असतील, आणि तिथे जे लिहिलंय ते ती बरोबर वाचेल.

ज्याच्यासाठी आता कुणी खोकत नाही असा,
शास्त्री